आडनावाला चिकटलेला गुन्हा

मराठी वर्तमानपत्रांत ‘माफिया’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो परका आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. रात्री नदीपात्रातून डंपर भरून नेणारे वाळूमाफिया, दुष्काळात पाण्याचा भाव ठरवणारे टँकरमाफिया, खोटी कागदपत्रे करून मोकळ्या जागा बळकावणारे भूमाफिया, असे त्याचे कितीतरी जोडशब्द झाले. कारवाईला गेलेल्या तलाठ्याच्या अंगावर डंपर घातल्याची बातमी वाचताना त्या शब्दावरून आपल्याला माणसाचा धंदा कळतो. त्याचे गाव, त्याचे कूळ, त्याच्या आजोबांची भाषा त्यातून कळत नाही, आणि कळण्याची गरजही नसते. सिसिलीतून निघालेला हा शब्द आपल्यापर्यंत येईतो त्यातला वंश गळून पडला आणि कृत्य तेवढे उरले. ज्या अमेरिकेने तो जगभर पोचवला तिथे मात्र उलट घडले. तिथे तो आडनावाला चिकटला, आणि इटलीतून पोट भरायला आलेल्या माणसांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीलाही त्याचे उत्तर द्यावे लागले.

या अन्यायाबद्दल बोलताना एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य केली पाहिजे. माफिया ही कोणाच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. अमेरिकेत तिची घराणी होती, त्यांचे म्होरके होते, त्यांनी खून केले, खंडण्या उकळल्या आणि कामगार संघटना पोखरल्या, आणि त्या घराण्यांचे सभासद इटालियन वंशाचेच होते. हे नाकारून इटालियन-अमेरिकन समाजाची बाजू घेता येणार नाही. त्या समाजातल्या काही पुढाऱ्यांनी ते नाकारून पाहिले आणि त्यात समाजाचेच नुकसान झाले. खरा अन्याय वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या समाजाने या गुंडांचा मार सर्वांत आधी खाल्ला आणि ज्याच्यातूनच त्यांच्याशी सर्वांत चिकाटीने लढणारी माणसे निघाली, त्याच समाजाला त्या गुंडांचा चेहरा देण्यात आला.

हा शब्द अमेरिकेच्या घराघरांत पोचला तो न्यू ऑर्लीन्समधल्या एका खुनानंतर. १५ ऑक्टोबर १८९० च्या रात्री तिथले पोलीस प्रमुख डेव्हिड हेनेसी घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. बंदरात फळांची जहाजे रिकामी करण्याच्या कामावरून दोन सिसिलियन गटांत वैर होते आणि हेनेसी त्या भांडणाच्या चौकशीत गुंतलेले होते. गोळ्या कोणी झाडल्या असे विचारताच त्यांनी इटालियन लोकांसाठी वापरली जाणारी एक शिवी उच्चारली, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितले. त्यानंतर हेनेसी कित्येक तास जिवंत होते, मित्रांशी बोलत होते, पण एकाही मारेकऱ्याचे नाव त्यांनी घेतले नाही. दिसेल त्या इटालियनाला पकडा, असा हुकूम महापौरांनी दिला आणि शहरभर धरपकड झाली. शेवटी नऊ जणांवर खटला उभा राहिला. १३ मार्च १८९१ ला ज्यूरीने सहा जणांना निर्दोष ठरवले आणि तिघांबद्दल तिचे एकमत होऊ शकले नाही. तरीही सर्वांना तुरुंगात परत नेण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रांत जाहीर निवेदन आले, की न्यायाची राहिलेली कसर भरून काढण्यासाठी नागरिकांनी एकत्र यावे. हजारोंचा जमाव जमला. त्याच्या पुढे गावगुंड नव्हते. वकील होते, संपादक होते, व्यापारी होते. तुरुंगाचे दार फोडून जमाव आत शिरला आणि त्याने अकरा जणांना ठार केले. काहींना तुरुंगाच्या आवारातच गोळ्या घातल्या आणि दोघांना बाहेर ओढून, एकाला दिव्याच्या खांबावर आणि दुसऱ्याला झाडावर, लटकवले. या अकरा जणांपैकी तिघांना आदल्या दिवशीच न्यायालयाने सोडले होते, तिघांचा निकाल लागायचा होता आणि उरलेल्या पाच जणांवर खटला चाललाच नव्हता. म्हणजे मारल्या गेलेल्यांपैकी एकावरही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. आरोपपत्र ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्यूरीने मारणाऱ्यांपैकी एकावरही आरोप ठेवला नाही. न्यूयॉर्कच्या एका नामांकित वर्तमानपत्राने अग्रलेखात सिसिलियन माणसाला दरोडेखोरांचा आणि मारेकऱ्यांचा वंशज म्हटले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी बहिणीला लिहिलेल्या पत्रात, जे झाले ते एकंदरीत चांगलेच झाले, अशा अर्थाचे मत दिले. त्या दिवशीच्या पुढाऱ्यांपैकी जॉन पार्कर हे १९२० मध्ये लुइझियाना राज्याचे गव्हर्नर झाले. इटलीने आपला राजदूत परत बोलावला, तेव्हा अमेरिकेने सुमारे २५ हजार डॉलर भरपाई दिली आणि प्रकरण मिटवले. न्यू ऑर्लीन्सच्या महापौरांनी या हत्याकांडाबद्दल माफी मागायला २०१९ साल उजाडावे लागले.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आहे. इटालियन लोकांची गुन्हेगार ही प्रतिमा सिनेमाने किंवा शिकागोच्या दारू-युद्धांनी तयार केली असे बहुतेकांना वाटते. पण शिकागोतला सर्वांत गाजलेला गुंड अल कपोन जन्माला आला १८९९ मध्ये, या घटनेनंतर आठ वर्षांनी. प्रतिमा आधी तयार होती. तिला साजेसे गुन्हेगार नंतर सापडले.

त्या प्रतिमेला ‘शास्त्रा’चा आधारही मिळाला, आणि दुर्दैवाने तो इटलीतूनच मिळाला. चेझारे लोम्ब्रोझो यांनी १८७६ मध्ये, काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि त्यांच्या कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ती ओळखता येतात, असा सिद्धान्त मांडला. त्यांच्या अनुयायांनी तो दक्षिण इटलीच्या गरीब शेतकऱ्यांना लावला आणि उत्तरेचे सुसंस्कृत, दक्षिणेचे रानटी अशी विभागणी केली. अमेरिकन काँग्रेसने स्थलांतरितांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ मध्ये ही विभागणी उचलली आणि उत्तर इटालियन व दक्षिण इटालियन हे दोन वेगळे वंश असल्यासारखी त्यांची नोंद केली. १९०७ या एका वर्षात अडीच लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले होते. १९२४ च्या कायद्याने ही संख्या वर्षाला ३,८४५ वर आणली. अकरा माणसांना मारणारा जमाव एका सकाळपुरता होता. हा कायदा चार दशके टिकला.

याच काळात, याच समजुतीवर आपल्याकडे काय झाले ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांना हजेऱ्या लावल्या आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड डांबले. सोलापूरकर त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिली झडती पालावर होते. संबंध इटालियन-अमेरिकन समाजाच्या वाट्याला असे कुंपण कधी आले नाही, आणि ही दोन दुःखे एका मापाची नाहीत. पण दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. गुन्हा हे माणसाचे कृत्य असते आणि ते वंशाच्या रक्तात असल्याचे मानले गेले.

आता त्या समाजाच्या आत काय चालले होते ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांत ‘काळा हात’ या नावाने धमकीची पत्रे येत. पत्रावर खंजीर, कवटी, शवपेटी अशी चित्रे असत आणि अमुक इतके पैसे दिले नाहीत तर दुकान उडवू किंवा मूल पळवू अशी धमकी असे. ही पत्रे पाचव्या हमरस्त्यावरच्या धनिकांना जात नसत. ती जात पाववाल्याला, खाटकाला, भाजी विकून चार पैसे गाठीला बांधलेल्या दुकानदाराला. प्रसिद्ध ऑपेरा गायक एन्रिको कारुसो यांनाही असे पत्र आले होते. पण कारुसो एकच, पाववाले हजारो. इंग्रजी न येणारा, आयरिश पोलिसाला घाबरणारा आणि पोलिसांत गेला तरी कोणी ऐकणार नाही हे ओळखून असलेला हा माणूस मुकाट्याने पैसे देई. बाहेरचे लोक म्हणत, ही माणसे मुळातच गुपचूप राहणारी, कायद्याला न जुमानणारी. त्याच्या भीतीलाच त्याचा स्वभाव ठरवण्यात आले, आणि या संबंध इतिहासात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

या दुकानदारांच्या पाठीशी उभे राहिले जोसेफ पेट्रोसिनो. दक्षिण इटलीतल्या पादुला गावात १८६० मध्ये जन्मलेले, लहानपणी न्यूयॉर्कला आलेले, बूटपॉलिश आणि रस्तेझाडणीची कामे केलेले पेट्रोसिनो १८८३ मध्ये पोलिसांत भरती झाले. ठेंगण्या, भरीव बांध्याचे हे गृहस्थ वस्तीतल्या बोलीभाषा जाणत आणि वेषांतर करून वस्तीत फिरत. इटालियन पोलिसांचे वेगळे पथक हवे यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे खेटे घातले आणि अखेर मूठभर माणसांचे पथक त्यांना मिळाले. गुन्हेगारांपैकी अनेक जण इटलीत शिक्षा झालेले आहेत, तिथली कागदपत्रे मिळाली तर त्यांना परत पाठवता येईल, हे ओळखून १९०९ च्या आरंभी ते गुप्तपणे इटलीला निघाले. ते तिकडे असतानाच त्यांच्या दौऱ्याची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आली, आणि ती फोडली होती त्यांच्याच पोलीस आयुक्तांनी. १२ मार्च १९०९ च्या संध्याकाळी पालेर्मोच्या एका चौकात, बागेच्या कुंपणाजवळ, पेट्रोसिनो यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा देह न्यूयॉर्कला आला तेव्हा अंत्ययात्रेला दोन लाखांहून अधिक माणसे लोटली होती. त्या गर्दीतल्या इटालियनांना माफिया काय असतो हे कोणत्याही कादंबरीकाराने सांगण्याची गरज नव्हती.

१९२० मध्ये दारूबंदी आली. कायद्याने दारू बंद केली, तहान तशीच राहिली, आणि जी वस्तू सगळ्यांना हवी असते पण कोणी उघडपणे विकू शकत नाही तिच्याभोवती जे व्हायचे तेच झाले. मुंबईकरांनी ते १९४९ नंतर पाहिलेच आहे. हातभट्टीचे राज्य उभे राहिले, घरगुती गुत्ते चालवणाऱ्या ख्रिस्ती ‘आंटी’ हिंदी सिनेमात आल्या, आणि गोव्याच्या संबंध ख्रिस्ती समाजावर पिणारे-पाजणारे हा शिक्का बसला. शिकागोत कपोनची टोळी जशी इटालियन होती तशी तिच्याविरुद्ध लढणारी डीन ओबॅनियनची टोळी आयरिश होती. न्यूयॉर्कमध्ये आर्नोल्ड रॉथस्टाइन, डच शुल्ट्झ, मेयर लान्स्की हे ज्यू होते. समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांनी १९५३ मध्ये मांडले, की ज्यांना सरळ वाटेने वर जाऊ दिले जात नाही त्यांच्यासाठी गुन्हेगारी ही वर चढण्याची एक वेडीवाकडी शिडी असते. आधी आयरिश चढले, मग ज्यू, मग इटालियन. बेल यांचा हा अर्धा भाग मला पूर्ण पटतो. मात्र देशव्यापी माफिया असल्याचा पुरावा नाही असेही त्यांनी म्हटले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या ॲपलाकिन या आडगावी एका घरी देशभरातले म्होरके बैठकीला जमलेले सापडले. पोलीस दिसताच काही जण उंची सूट-बुटांत रानात पळाले.

त्याआधी १९५० आणि १९५१ मध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढच्या साक्षी दूरचित्रवाणीवरून दाखवल्या गेल्या होत्या. न्यूयॉर्कचा माफिया म्होरक्या फ्रँक कॉस्टेलो याने आपला चेहरा दाखवण्यास हरकत घेतली, म्हणून कॅमेऱ्याने त्याचे हात दाखवले. रुमाल चुरगळणारे, एकमेकांत गुंतणारे, टेबलावर ताल धरणारे ते हात लक्षावधी लोकांनी घरी बसून पाहिले. चेहरा नसलेल्या माणसाला प्रेक्षक आपल्या मनातला चेहरा देतो, आणि तो चेहरा साठ वर्षांपासून तयार होता. त्याच समितीपुढे न्यूयॉर्कचे माजी महापौर विल्यम ओड्वायर यांचीही साक्ष झाली आणि गुन्हेगारांशी त्यांच्या असलेल्या संबंधांवर कठोर ताशेरे ओढले गेले. ओड्वायर आयर्लंडमध्ये जन्मले होते. पण त्यामुळे आयरिश माणूस भ्रष्ट असतो असा निष्कर्ष कोणी काढला नाही, कारण तोवर आयरिश माणूस अमेरिकन झालेला होता.

१९६७ च्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने या घराण्यांच्या सभासदांची संख्या सुमारे ५ हजार असल्याचे म्हटले. १९८० च्या जनगणनेत सुमारे १ कोटी २० लाख अमेरिकनांनी आपले मूळ इटालियन असल्याचे सांगितले. दोन आकडे शेजारी ठेवले तर प्रमाण दहा हजारांत चार-पाच एवढे येते. ते लहान आहे म्हणून त्यांनी केलेली हानी लहान होत नाही. पण उरलेल्या नऊ हजार नऊशे पंच्याण्णवांनी कोणत्या न्यायाने मान खाली घालावी?

आता नकाराकडे वळतो. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये इटालियन-अमेरिकनांच्या नागरी हक्कांसाठी एक लीग स्थापन झाली. तिच्या सभांना हजारो साधी माणसे येत. शाळेत, नोकरीत, शेजारात ऐकलेल्या टोमण्यांचा खरा राग त्यांच्या मनात होता. लीगच्या दबावाखाली अमेरिकेच्या न्याय खात्याने सरकारी निवेदनांत ‘माफिया’ आणि तिचेच दुसरे नाव ‘कोसा नोस्त्रा’ हे शब्द वापरायचे नाहीत असे ठरवले, आणि ‘गॉडफादर’ चित्रपटाच्या निर्मात्याने पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द काढून टाकला. पण या लीगचा संस्थापक जोसेफ कोलंबो हा स्वतः न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांपैकी एकाचा म्होरक्या होता. २८ जून १९७१ ला लीगच्याच मेळाव्यात, हजारोंच्या देखत, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. समाजाच्या खऱ्या अपमानाची ढाल करून गुन्हेगार तिच्यामागे उभा राहिला होता, आणि ती ढाल त्याच्या हातात देणाऱ्यांत कितीतरी प्रामाणिक माणसे होती. शब्द पुसला की वस्तू पुसली जाते या समजुतीचा याहून विदारक पराभव मला माहीत नाही.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९७१ मध्ये, ब्रुकलिनमध्ये अमली पदार्थांच्या छाप्यात आणखी एका इटालियन-अमेरिकनाच्या चेहऱ्यावर गोळी झाडली गेली होती. ते होते फ्रँक सर्पिको, नेपल्सकडून आलेल्या आईबापांचे चिरंजीव, आपल्याच पोलीस खात्यातली लाचखोरी उघड करणारे शिपाई. ते वाचले आणि वर्षअखेरीस त्यांनी पोलिसांतल्या लाचखोरीची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगापुढे साक्ष दिली. पुरावाच हवा असेल तर कोलंबोच्या शेजारी सर्पिको यांना उभे करणे पुरेसे होते. शब्द पुसण्याची गरज नव्हती. आणि सर्पिको एकटे नाहीत. १९३३-३४ मध्ये वॉल स्ट्रीटच्या बड्या बँकवाल्यांना सिनेट समितीपुढे उभे करून त्यांची लबाडी उघडी पाडणारे फर्डिनांड पेकोरा सिसिलीत जन्मले होते. महापौर होताच जुगाराची यंत्रे जप्त करून स्वतः घणाने फोडणारे फिओरेल्लो ला गार्डिया यांचे वडील इटलीतून आले होते. सहा वर्षे खोट्या नावाने माफियात वावरून पुरावे गोळा करणारे एफबीआयचे जोसेफ पिस्टोन, आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या घराण्यांच्या म्होरक्यांवर एकत्रित खटला भरणारे सरकारी वकील रुडी ज्युलियानी हेही इटालियन वंशाचेच. न्यूयॉर्क राज्याचे मारिओ क्युओमो यांच्यासारखा विचारी, सज्जन गव्हर्नरही त्याच सुमारास, माफिया नावाची संघटना आहे हे म्हणणेच थोतांड आहे, असे बोलून गेला. मला त्यांच्या बोलण्यामागची जखम कळते, पण त्यांच्या हातात याहून कितीतरी भक्कम उत्तर होते.

जखम खोटी नव्हती. जेराल्डिन फेरारो १९८४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या तेव्हा त्यांच्या कुटुंबाच्या माफियाशी संबंधांच्या कुजबुजी सुरू झाल्या. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांचे एक ध्वनिमुद्रित संभाषण बाहेर आले. त्यात, क्युओमो माफियाशी संबंध असल्यासारखेच वागतात, असा सूर होता, आणि क्लिंटन यांना त्याबद्दल माफी मागावी लागली. रिचर्ड निक्सन यांच्या व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफितींत तर, इटालियनांमध्ये एकही प्रामाणिक माणूस सापडत नाही, असे त्यांचेच उद्गार आहेत. याच निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणात ध्वनिफिती हजर करण्याचा हुकूम देणारे न्यायाधीश जॉन सिरिका आणि महाभियोगाची चौकशी चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष पीटर रोडिनो, हे दोघेही इटालियन स्थलांतरितांचे पुत्र होते.

तिरस्काराची प्रतिमा ओळखणे सोपे असते. कौतुकाची प्रतिमा अधिक फसवी असते, आणि १९७२ मध्ये ‘गॉडफादर’ चित्रपट आल्यानंतर तीच वरचढ झाली. ‘गॉडफादर’चे लेखक मारिओ पूझो यांनी स्वतः कबूल केले होते की ते कोणत्याही खऱ्या गुंडाला कधी भेटलेले नव्हते, जे लिहिले ते वाचून, माहिती गोळा करून लिहिले. त्याआधी १९६५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत मुलांना वाढवणाऱ्या एका इटालियन स्थलांतरित बाईवर, म्हणजे वस्तुतः आपल्या आईवर, कादंबरी लिहिली होती. समीक्षकांनी तिची वाखाणणी केली, पण लेखकाच्या हाती फारसे काही पडले नाही. चार वर्षांनी आलेल्या डॉनच्या कादंबरीने त्यांना गडगंज केले, आणि त्या डॉनच्या तोंडचे करारी बोलणे आपण आईकडूनच घेतले असे पूझो सांगत. एका स्थलांतरित आईचा निग्रह, तिचे व्यवहारज्ञान, मुलांसाठीची तिची जिद्द बाजारात विकली गेली नाही. तीच एका खुनी माणसाच्या अंगावर चढवली तेव्हा जगाने डोक्यावर घेतली. समाजाच्या प्रतिमेचे काय झाले हे याहून नेमके दाखवणारे दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही.

आपणही त्या जगात आहोत. ‘राजकारणात त्याला कोणी गॉडफादर नाही’ हे वाक्य आपण हळहळत उच्चारतो, जणू तसा कोणी असणे ही भाग्याची गोष्ट आहे. कुटुंब, शब्द, निष्ठा, मान या सुंदर गोष्टी त्या कथांनी गुन्हेगाराला बहाल केल्या. प्रत्यक्षात न्यूयॉर्कची घराणी काय करत होती? १९८६ च्या खटल्यात पुढे आले की २० लाख डॉलरहून मोठ्या काँक्रीटच्या कंत्राटांवर ती दोन टक्के वसुली करत आणि काम कोणाला मिळायचे ते आपसांत ठरवत. कचरा उचलणारे ट्रक, मासळीबाजार, कपड्यांची वाहतूक, कामगारांचा निवृत्तिनिधी, जिथे रोजचा पैसा फिरतो तिथे त्यांचा हात असे. हे आपल्या वाळूच्या ठेक्यासारखेच रुक्ष, हिशेबी आणि क्रूर काम होते. त्याचा भार पडे तो इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूवर आणि पेन्शनची वाट पाहणाऱ्या ट्रकचालकावर, आणि त्यांच्यात इटालियन आडनावे थोडी नव्हती. गुन्ह्याला संस्कृतीचा मुलामा दिला की हे बळी दिसेनासे होतात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. इटालियन-अमेरिकन आज सधन आहेत, सत्तेत आहेत. अँटोनिन स्कॅलिया १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, नॅन्सी पेलोसी २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षा झाल्या. कृष्णवर्णीयांना गुन्हेगार मानण्याची किंमत जिवाने मोजावी लागते, तिथे या समाजाच्या टोमण्यांचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारले तर ते चूक नाही. ही दोन ओझी सारखी नाहीत, आणि इटालियन समाजाला गोऱ्यांच्या पंगतीत अखेर पान मिळाले हेही खरे आहे. पण तो साचा मोडलेला नाही. तो पुढच्यासाठी ठेवून दिलेला आहे. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशातून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांत ‘एमएस-१३’ ही जी टोळी तयार झाली तिचे नाव घेऊन आज संबंध मध्य अमेरिकेतल्या लोकांबद्दल नेमके तेच बोलले जाते जे १८९१ मध्ये सिसिलियनांबद्दल लिहिले गेले: यांचा देशच गुन्हेगारांचा, यांची मुले पुढे तेच करणार, यांना दारातच अडवा. टोळी अमेरिकेत जन्मली, बळी बहुतांशी त्यांच्याच वस्तीतले, आणि तरी शिक्का मात्र वंशावर, ही मांडणी तीच आहे. ज्यांच्या पणजोबांना त्या शब्दांनी छळले, त्यांतल्या काहींच्या तोंडी आज तेच शब्द ऐकताना वाईट वाटते.

चित्रपटांवर बंदी घालावी असे माझे म्हणणे नाही. कोलंबोच्या लीगने ते करून पाहिले. कलावंताने गुंडाची गोष्ट जरूर सांगावी. मात्र ज्या दुकानदाराच्या गल्ल्यातून त्या गुंडाचा उंची सूट शिवला जातो, त्यालाही त्या गोष्टीत जागा असावी, एवढे मागण्याचा हक्क वाचकाला आहे. आणि बातमी देणाऱ्याने आरोपीचे नाव द्यावे, कलम द्यावे, रक्कम द्यावी; त्याचा वंश त्या गुन्ह्याच्या रचनेशी खरोखर संबंधित असेल तरच द्यावा. बाजाराने मात्र ही मर्यादा पाळलेली नाही. स्पेनमधल्या उपाहारगृहांच्या एका साखळीने ‘माफिया जेवायला बसतो’ अशा अर्थाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. इटलीने त्याला हरकत घेतली आणि २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते चिन्ह सार्वजनिक नीतीला सोडून असल्याचे मानले. सिसिलीत न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेलिनो यांना माफियाने १९९२ मध्ये बॉम्बने उडवले, त्याला तेव्हा सव्वीस वर्षे होत आली होती.

न्यूयॉर्कच्या ‘लिटल इटली’ भागात रस्त्यांच्या बेचक्यात एक लहानशी तिकोनी मोकळी जागा आहे. तिला १९८७ पासून जोसेफ पेट्रोसिनो यांचे नाव आहे. जवळच्या रस्त्यांवर पर्यटकांसाठी माफियाची चित्रे छापलेले सदरे टांगलेले असतात आणि ते खपतात. २०१४ मध्ये पालेर्मोच्या पोलिसांनी माफियाच्या माणसांचे संभाषण चोरून ध्वनिमुद्रित केले. त्यात एक तरुण आपल्या साथीदारांना अभिमानाने सांगत होता, की पेट्रोसिनोला मारणारा आमच्याच घरातला, माझ्या वडिलांचा चुलता होता. एकशे पाच वर्षांनंतर त्या घरात ते नाव पाठ होते.